काकूंना विचारा: कोळसा पेटतच नाही हो!

कोजागिरीपासून संक्रांतीपर्यंत आपल्या इंदूरात गच्चीवर जमायचा सीझन असतो, आणि आता घरोघरी ते ऑनलाइनचं ग्रिल येऊन पडलंय. त्यामुळे या महिन्यात लोणचं, मुरंबा, सुनेशी पटत नाही वगैरे प्रश्न बाजूला, चक्क सहा जणांनी कोळशाबद्दलच विचारलंय. सहाही इथेच घेते. पहिलं पत्र लांब आहे पण कापलं नाही, कारण वाचताना मी एकटीच हसत बसले होते.

काकू नमस्कार. मुलानं ग्रिल मागवलं, ते गोल, झाकणवालं, तीन पायांचं. कोजागिरीला गच्चीवर १४ माणसं होती. दूध तर होतंच, पण म्हटलं पनीर, शिमला मिरची आणि भुट्टे पण भाजू. भावजींनी कोळशावर रॉकेल ओतलं, कमरेएवढा भडका झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पाच मिनिटांत सगळं विझलं. परत ओतलं, परत विझलं. असं तीनदा. मग पुठ्ठे घातले, मग मुलाची दहावीची वही घातली, तासाभरानं कुठे चार कोळसे लाल झाले. पनीरला असा वास की खालच्या कुत्र्यानं पण तोंड लावलं नाही. शेवटी रात्री साडेदहाला पोहे केले. आम्ही चुकलो कुठे? आणि खरी पद्धत काय? — राजेंद्र नगरहून एक वाचक

पोहे केले ना, मग इंदूरची इज्जत वाचली. पण भावजींना आजकाल रॉकेल मिळालं कुठून ते मला वेगळं कळवा.

आता चूक. चूक अशी की कोळशाला तुम्ही लाकूड समजलात. लाकडाला काडी लावली की त्यातून गॅस निघतो आणि जळतो तो गॅस, ती ज्वाळा म्हणजे तोच. कोळसा करतानाच हा सगळा गॅस उडवून दिलेला असतो, उरतो तो जवळजवळ नुसता कार्बन. म्हणून कोळसा भडकत नाही, तो धुमसतो, लाल होतो, आणि लाल व्हायला त्याचा पृष्ठभाग तीनशे-साडेतीनशे डिग्रीच्या पुढे तापावा लागतो आणि वर सतत हवा लागते. रॉकेलचा भडका दिसायला जबरदस्त पण तो जळतो कोळशाच्या वर, हवेत. खालचा कोळसा जरा कोमट होतो, तोवर रॉकेल संपतं. टाळ्या रॉकेलला पडल्या, कोळशाला नाही.

दुसरी गोष्ट. तुम्ही कोळसे नक्कीच ताटात लाडू मांडल्यासारखे पसरून ठेवले असणार. एकटा कोळसा कधीच टिकत नाही, पेटलेला कोळसा नुसता बाजूला काढून ठेवा, दहा मिनिटांत काळा पडतो कारण सगळी उष्णता चारी बाजूंनी निघून जाते. ढीग केला की एक दुसऱ्याला तापवतो, दुसरा पहिल्याला. म्हणून पेटवताना ढीग, भाजताना पसरायचे.

आणि तिसरी, मला वाटतं हीच खरी असणार: तुमच्या त्या गोल ग्रिलच्या बुडाशी एक झडप असते, ती उघडली होती का? खरं सांगा. मालेगावच्या भाच्याकडे मी स्वतः पाहिलंय, झडप बंद आणि सगळे वरून पुठ्ठ्यानं वारा घालताहेत. ते गोल झाकणवालं ग्रिल शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसानं १९५२ मध्ये काढलं, तो ज्या कारखान्यात होता तिथे पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनायचे, त्यानं तसा गोळा अर्धा कापला, खाली पाय लावले आणि वर झाकण. त्यातलं सगळं काम हवेच्या वाटांवर चालतं. खालून गार हवा आत, वरून गरम बाहेर. खालची वाट बंद तर काहीच होणार नाही, वरून कितीही पुठ्ठा हलवा.

आता पद्धत. राजवाड्याकडे हातगाडीवर भुट्टेवाला असतो त्याच्यासमोर पावसाळ्यात पाच मिनिटं नुसतं उभं राहा. त्याच्याकडे रॉकेल नसतं. आदल्या दिवशीचे अर्धे जळलेले कोळसे राख झटकून मधे ढीग करतो, खाली दोन कागद आणि लाकडाच्या चार ढलप्या, वरून नवे कोळसे, आणि मग तो हातानं फिरवायचा छोटा ब्लोअर कुर्रर्र कुर्रर्र. वारा वरून नाही घालत तो, खालून घालतो. सगळी मेख तिथे आहे.

घरी मी काय करते ते सांगते. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा चौकोनी डबा असतो ना, तो मल्हारगंजकडच्या एका पत्र्याचं काम करणाऱ्याकडून दोन्ही तोंडं कापून घेतला, उंची साधारण एक फूट ठेवली, आणि खालच्या कडेपासून दोन बोटं वर चारी बाजूंनी बोटभर जाडीची भोकं पाडून घेतली. त्यानं कडा आत वळवून दिल्या, हे आवर्जून करून घ्या नाहीतर हात कापतो. बस, झाली चिमणी. विकत पण मिळते, चिमनी स्टार्टर म्हणतात, हँडलवाली, ती छानच असते, पण माझं काम डब्यावर भागतं. पहिल्या वेळी डबा रिकामाच अंगणात कागद-काड्या घालून जाळून घ्या, त्यावरचा रंग आणि तेलाचा वास निघून जातो. आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली वगैरे कापू नका हां, जस्त तापलं की त्याचा धूर छातीला वाईट.

ग्रिलच्या आत खाली जी कोळसा ठेवायची जाळी असते, तिच्याखाली पेपरची दोन पानं चुरगाळून सारायची. घट्ट गोळा नाही करायचा, ढिली चुंबळ करायची, पाण्याच्या हंड्याखाली ठेवतात तशी, म्हणजे मधून हवा जाते. त्या चुंबळीवर चमचाभर खायचं तेल शिंपडायचं. कोरडा पेपर अर्ध्या मिनिटात भुर्र होतो, तेलाचा पेपर वातीसारखा चार-पाच मिनिटं जळत राहतो, हे देवापुढची समई लावणाऱ्या कुणालाही सांगायला नको. जाळीवर डबा उभा ठेवायचा, त्यात कोळसा भरायचा, तळाशी छोटे तुकडे वर मोठे, चुरा अजिबात नको कारण चुरा हवेची वाट बुजवतो. खालून कागदाला माचिस लावायची आणि, आता खरं अवघड काम, हात मागे बांधून उभं राहायचं.

पहिली तीन-चार मिनिटं नुसता पांढरा दाट धूर येतो आणि सगळे म्हणतात विझलं, विझलं. विझलेलं नसतं. मग धूर पातळ होतो, डब्यातून एक बारीक फुरफुर आवाज सुरू होतो, भोकातून डोकावलं तर तळाचे कोळसे नारिंगी दिसतात. डब्यात गरम हवा वर पळते आणि तिच्या जागी भोकांतून गार हवा ओढली जाते, जितकं तापतं तितकं जास्त ओढतं, आपण वारा घालायची गरजच नाही, डबाच फुंकणी. साध्या लाकडी कोळशाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. वरच्या कोळशांच्या कडा राखाडी झाल्या आणि मधून छोट्या निळसर ज्वाळा डोकावल्या की सांडशीनं डब्याच्या दोन बाजू धरून, जाड सुती हातमोजे घालून, डबा सरळ वर उचलायचा. कोळसे आपोआप खाली पसरतात. ओतायची भानगड नाही, सांडायची भीती नाही. रिकामा डबा पण लाल तापलेला असतो, तो फरशीवर नका ठेवू, आमच्या गच्चीवर एका टाइलवर चौकोनी तडा गेलाय तो कायमचा, विटांवर ठेवा.

लगेच पनीर नका टाकू. सगळ्या कोळशांवर पांढरी राखेची साय येऊ द्या, अजून पाच मिनिटं. मग तळहात जाळीच्या वर चार बोटं धरा आणि मनात एक-दोन-तीन म्हणा. दोन-तीनलाच हात ओढावा लागला तर आच कडक, पापड आणि मिरच्यांना ठीक. चार-पाचपर्यंत टिकला तर मध्यम, त्यावर पनीर आणि भुट्टे. सहा-सातपर्यंत म्हणजे मंद, त्यात वांगं आणि कांदे लोळवा भरतासाठी. पाहुणे आठला येणार तर सव्वासातला काडी लावा. १४ माणसांना पेटवायला अडीच-तीन किलो कोळसा, आणि किलो-दीड किलो बाजूला ठेवा मधेच घालायला, नवा कोळसा कडेला घालायचा, तिथेच तो हळूहळू पेटतो.

पुढच्या कोजागिरीला भावजींना डबा द्या उचलायला, टाळ्या मिळतील.

काकू, वरच्यासारखाच प्रॉब्लेम, पण आमच्याकडे रॉकेल नव्हतं म्हणून मित्र म्हणाला गाडीतून थोडं पेट्रोल काढू. मी नको म्हटलं तर सगळे मला फट्टू म्हणाले. कोण बरोबर? — विजय नगर

तू बरोबर. सगळ्यांना हे वाचायला दे.

पेट्रोलची वाफ उणे ४० डिग्रीच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री पण बाटलीचं झाकण उघडल्यापासून वाफ पसरत असते, हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली जमिनीवर पायाशी साचते, आणि काडी पेटवली की आग कोळशाला नाही, तुमच्या चपलेला लागते. रॉकेलचा हा आकडा ३५-४० च्या घरात आहे म्हणून थंडीत ते त्या मानानं शांत, पण मे महिन्यात इंदूर ४२ ला जातं तेव्हा रॉकेल पण काही साधू नाही. सॅनिटायझर पण घालणारे महाभाग आहेत, त्याची ज्वाळा उजेडात दिसतच नाही, माणूस समजतो पेटलं नाही आणि वाकून बघतो, आणि मग परत ओततो. कुठलंही पातळ इंधन धुमसत्या कोळशावर परत ओतायचं नाही, लायटर फ्लुइड म्हणून बाजारात मिळतं तेही नाही, आग धारेवरून बाटलीपर्यंत चढते. फ्लुइड वापरायचंच असेल तर गार कोळशावर एकदाच, मुरायला दोन मिनिटं, मग लांब काडीनं पेटवायचं आणि सगळ्यांवर राख येईपर्यंत जेवणाची कुठलीच वस्तू वर नाही. मी वापरत नाही. पैसे देऊन वास कशाला आणायचा?

मी भंवरकुआच्या इथे पीजीत राहतो, तिघं रूम पार्टनर. डबा-बिबा काही नाही. गॅसवर कोळसा पेटवला तर चालेल का? आणि गॅलरीत छोटं ग्रिल लावलं तर? — एक विद्यार्थी

गॅसवर चालतो. धुंगार द्यायला आपण एक कोळसा तापवतोच की. पोळी भाजायची जाळी ठेवायची, वर सहा-सात लाडूएवढे कोळसे, आच मोठी, सात-आठ मिनिटांत खालून लाल होतात, चिमट्यानं उलटवायचे. मग तेच ग्रिलमध्ये तळाशी मधोमध ठेवून वर बाकीचे काळे कोळसे रचायचे डोंगरासारखे. ही सगळ्यात सभ्य पद्धत आहे, ना कागदाची राख उडते ना वास. फक्त शेगडी काचेची असेल तर करू नका. कोळशात जरा जरी ओल असली की तो फटकन उडतो, आणि लाल तुकडा काचेवर पडला की काच गेली, मग पीजीवाल्या आंटी आणि तुम्ही. स्टीलच्या शेगडीवर करा, बर्नरच्या भोकात चुरा पडला तर नंतर टूथब्रशनं साफ करून द्या त्यांना.

हुक्क्यासाठी विजेची कॉईल मिळते ती पण चालते, कोळसा वर ठेवला की काम झालं. पण हुक्क्याचे ते झटपट पेटणारे गोल टिक्के मिळतात, काडी लावताच चर्र करून ठिणग्या उडतात ते, ते भाजायला आणू नका. त्यांत सोरा घातलेला असतो, वास खाण्याला लागतो.

गॅलरीचं म्हणाल तर नाही. वरच्या मजल्यावर कुणाच्या चादरी वाळताहेत, बाजूला एसीचे पाइप, आणि दार उघडं म्हणजे धूर रूममध्येच. गच्चीची किल्ली मागा भिया, आंटीला दोन भुट्टे कबूल करा.

तुम्ही सगळं नवीन सांगाल म्हणून आधीच लिहिते. माझं वय ७८. आम्ही देवासला होतो तेव्हा कंड्यांवर शेगडी पेटायची, वर कापराची वडी, आणि सासूबाई फुंकणीनं फुंकायच्या. कसला डबा आणि कसली चिमणी! आणि थंडीत तीच शेगडी रात्री खोलीत ठेवायचो, छान ऊब यायची. — एक आजी, लोकमान्य नगर

आजी, कंड्यांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. (पुण्याकडून इथे आलेल्यांसाठी, कंडे म्हणजे गोवऱ्या, इथे कुणी गोवऱ्या म्हणत नाही.) अर्धा कंडा मोडून त्याचे तुकडे उभे रचायचे तंबूसारखे, मधे कापूर, वर कोळसा. कंडा सावकाश जळतो, कागदासारखा घाबरट नाही, त्यामुळे कोळशाला तापायला पुरेसा वेळ देतो. बाफले तर कंड्यांवरच खरे लागतात, आधी पाण्यात उकडून मग निखाऱ्यात. फक्त पहिला धूर जाऊ द्यायचा, डोळे चुरचुरायचे थांबले की समजायचं झालं. नारळाच्या करवंट्या पण तशाच, आणि खजरान्याच्या गणपतीला जाणाऱ्यांच्या घरी नारळाला काय तोटा, करवंटी वाळवून ठेवा, शेंडीचा बुचका खाली, करवंटीचे तुकडे वर. करवंटी कडकडून पेटते.

कापूर चांगला पेटतो पण काजळी फार धरतो, आरतीच्या ताटाची मागची बाजू बघा. दोन-तीन वड्या पुरे आणि त्या पूर्ण जळून गेल्याशिवाय वर खायचं काही नाही. फुंकणी लोखंडी हवी आणि फुंकताना श्वास घ्यायला तोंड बाजूला करायचं, हे माझ्या सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी खडसावून सांगितलं होतं, कारण मी फुंकणीतूनच श्वास ओढला होता. राख खाल्ली होती अक्षरशः.

पण आजी, खोलीतल्या शेगडीचं नाही हो. हे मी हात जोडून सांगते. राख धरलेला, धूर अजिबात न येणारा लाल निखारा सगळ्यात शांत दिसतो आणि तोच जास्त घातक, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जोरानं चिकटतो, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, माणसाला वाटतं दमलोय, झोपतो, आणि सकाळी उठतच नाही. तुमच्या वेळी घराला कौलं होती, फटी होत्या, दारं नीट लागत नव्हती, त्या फटींनी वाचवलं. आता ॲल्युमिनियमच्या खिडक्या घट्ट बसतात. खिडकी जराशी उघडी ठेवते म्हणाल तर त्यावर पण भरवसा नाही. हीच गोष्ट ग्रिलवाल्यांना, पार्टी झाली, थंडी आहे, म्हणून विझत आलेलं ग्रिल आत हॉलमध्ये किंवा जिन्यात आणायचं नाही. कुणाला असं झालंच तर आधी उघड्यावर न्या, मग १०८ लावा.

पावसाळ्यात पातालपाणीला गेलो होतो, कोळसा फटाफट उडत होता, बायकोच्या ओढणीला भोकं पडली. कोळसा खराब होता का? आणि हेअर ड्रायर चालतो का पेटवायला? — सुदामा नगर

कोळसा खराब नव्हता, ओला होता. कोळसा म्हणजे सगळी बारीक बारीक भोकं, पावसाळी हवेतली ओल पण तो पिऊन घेतो. आतलं पाणी तापून वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की फट्. टालीवरून (म्हणजे वखारीतून) बारदानात आणलेला कोळसा पावसाळ्यात एक दिवस कडक उन्हात पसरा, मग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. सहलीला नेताना प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून न्या, आणि आधी थोडेच पेटवून बाकीचे शेगडीच्या कडेला तापायला ठेवा, आत घालायच्या आधी कोरडे होतात. टालीवर घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, कोरडा चांगला कोळसा काचेसारखा टणकन वाजतो, ओला किंवा कच्चा थपथप वाजतो. बाभळीचा मिळाला तर घ्या, जड असतो, पेटायला उशीर लावतो पण टिकतो. दगडी कोळसा मात्र खाण्याच्या कामाला अजिबात नाही, त्यात गंधक असतं.

हेअर ड्रायर. हं. मी केलंय. भाच्याच्या वाढदिवसाला, अंगावर नायलॉनची साडी, ड्रायर फुल स्पीडला आणि तोंड कोळशापासून वीतभर. कोळसा झकास पेटला, त्यात शंका नाही, पण ठिणग्यांचं जे कारंजं उडालं ते सरळ माझ्या पदरावर, नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं, आणि चिकटतं. हातावर अजून चण्याएवढा डाग आहे. ड्रायरचं तोंड पण वितळून वाकडं झालं, आमचे हे म्हणाले, आता त्यानं केस वाकडेच वाळतील. तर वारा द्यायचाच असेल तर लांबून, खालच्या झडपेतून, आणि कागद पूर्ण जळून कोळशाचा एक तरी कोपरा लाल झाल्यावरच. त्याआधी वारा घातला तर तुम्ही आग विझवताय, पेटवत नाही. ताडाचा हातपंखा सगळ्यात बरा, दम लागला की आपोआप थांबतो माणूस. आणि सुती कपडे घाला, ओढणी खोचून.

ब्रिकेट्स आणले, साध्या कोळशापेक्षा महाग, पण पेटायला किती वेळ! अर्धा तास झाला तरी काळेच. आणि उरलेल्यांचं काय करायचं, राख झाडांना घालू का? — स्नेहनगर

ब्रिकेट म्हणजे कोळशाचा चुरा, स्टार्चनं बांधून दाबलेला. अमेरिकेत हेन्री फोर्डनं मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांपासून १९२० च्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर करायला घेतलं, म्हणजे आपण जो कंडे थापायचा उद्योग करतो तोच, फक्त मशीनवर. दाबलेला असल्यामुळे आत हवा शिरत नाही, म्हणून पेटायला वीस-पंचवीस मिनिटं धरूनच चला, पण एकदा पेटला की एकसारखी आच बराच वेळ देतो. माझी युक्ती, डब्यात खाली एक थर साधा कोळसा आणि वर ब्रिकेट. साधा लवकर पेटतो आणि वरच्याला ओढून घेतो. अर्ध्या तासात काळेच असतील तर खालची हवा तपासा, किंवा तळाशी चुरा साचलाय का बघा.

जेवणं झाली की झाकण लावा आणि वरची-खालची दोन्ही झडपा बंद. हवा बंद की कोळसा मरतो, उरलेले पुढच्या वेळी कामाला येतात. पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड तडकतं, गरम वाफ आणि राख तोंडावर येते, आणि तो कोळसा वाळायला आठवडा घेतो. राख दुसऱ्या दिवशी पण आत गरम असते, वरून गार वाटली तरी, चोवीस तास तरी, आणि मोठा ढीग असेल तर दोन दिवस लोखंडी बादलीत झाकून ठेवा. आणि सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं म्हणून धावतपळत गरम राख पिशवीत भरून सुक्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत सगळा कागद आणि प्लास्टिक असतं. साध्या लाकडी कोळशाची राख मूठभर गुलाबाच्या मुळाशी चालते, पण महिन्यातून एकदाच, ती खारी असते, माती बिघडते. ब्रिकेटची राख झाडांना घालू नका, बांधायला त्यात आणखी काय काय घातलंय ते पाकिटावर सगळं नसतं. तिनं तवा घासा.